झोपेच्या गोळीची गोष्ट : कुणाला, किती दिवस, कशासोबत

औषधांच्या डब्यातली एक बारकीशी गोळी आज आम्ही बोलण्यासाठी निवडली आहे. कुणी तिला झोपेची गोळी म्हणतं, कुणी टेन्शनची, कुणी डोकं शांत करायची. जुन्या बायका अजून ‘काम्पोज’ म्हणतात. पाकिटावर मात्र डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम असं काहीतरी लिहिलेलं असतं. नावं वेगळी, पण कूळ एकच. त्या कुळाचं नाव बेन्झोडायझेपिन. लक्षात ठेवायला सोपी खूण म्हणजे नावाच्या शेवटी बहुधा ‘झेपाम’ किंवा ‘झोलाम’ येतं.

ही गोळी कुणाला देणं धोक्याचं आहे, याची यादी आज डॉक्टरांच्या पुस्तकात छापलेली असते. पण ती यादी एका दिवसात तयार झाली नाही. तिच्यातली एकेक ओळ कुणीतरी सोसल्यावर लिहिली गेली, आणि त्या सोसणाऱ्यांत बायका फार होत्या. म्हणून नुसती यादी वाचून न दाखवता ती कशी घडली ते आम्ही सांगतो. गोष्ट माहीत असली की नियम विसरत नाही.

सुरुवात शंभर वर्षांहून मागे करू. झोप येत नाही, जीव घाबरा होतो, ही तक्रार माणसाइतकीच जुनी. १९०३ साली युरोपात बार्बिटाल नावाचं औषध निघालं, १९१२ साली फेनोबार्बिटाल आलं. ही झोपेची औषधं जगभर खपली. त्यांच्यात एक मोठा दोष होता. झोप आणणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांत अंतर फार थोडं होतं. चार गोळ्या जास्त गेल्या की श्वास मंदावायचा आणि माणूस उठायचाच नाही. १९६२ साली प्रसिद्ध अमेरिकन नटी मर्लिन मन्रो हिचा मृत्यू झाला, तो अशाच झोपेच्या औषधांच्या अतिमात्रेनं. त्यामुळे डॉक्टर आणि कंपन्या, दोघंही याहून सुरक्षित औषधाच्या शोधात होते.

ते औषध लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती आलं. हा ज्यू माणूस पोलंडमधल्या क्राको शहरात शिकला, पुढे स्वित्झर्लंडमध्ये रोश या औषध कंपनीत लागला. हिटलरचं संकट वाढलं तेव्हा १९४१ साली तो अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या नटली गावी, त्याच कंपनीच्या कारखान्यात गेला. तिथे त्यानं मन शांत करणाऱ्या औषधासाठी बरीच रसायनं तयार केली. एकाचाही उपयोग होईना, म्हणून ते काम बंद पडलं. १९५७ साली प्रयोगशाळेची आवराआवर करताना त्याच्या सहकाऱ्याला एक जुना नमुना सापडला. त्याची तपासणी राहूनच गेली होती. टाकून देण्याआधी एकदा बघू, म्हणून तो जनावरांवर तपासला. जनावरं शांत झाली, पण गुंगीत पडली नाहीत. १९६० साली त्याची गोळी ‘लिब्रियम’ नावानं बाजारात आली. १९६३ साली तिची जोरदार बहीण आली, ‘व्हॅलियम’. तीच डायझेपाम. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतातल्या रॅनबॅक्सी कंपनीनं तेच औषध ‘काम्पोज’ नावानं काढलं आणि ते इथल्या शहरागावांत पोहोचलं.

गोळी काम कशी करते, ते समजून घेऊ. आपल्या मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन असतं. त्याचं काम सायकलच्या ब्रेकसारखं. मेंदू फार जोरात धावू लागला की ते त्याला हळू करतं. ही गोळी त्या ब्रेकला जोर देते. म्हणून धडधड थांबते, आखडलेले स्नायू सैल होतात, डोळा लागतो, फिट आली असेल तर थांबते. पण ब्रेक काही फक्त काळजीलाच लागत नाही. स्मरण, तोल, सावधपणा, श्वास, सगळ्यांनाच थोडाथोडा लागतो. शिवाय रोज बाहेरून ब्रेक दाबला जातोय म्हटल्यावर मेंदू आपला स्वतःचा ब्रेक सैल सोडतो. मग गोळी एकाएकी थांबली की गाडी उतारावर सुटते. पुढे जे जे धोके आम्ही सांगणार आहोत, ते सगळे या एका गोष्टीतून निघतात.

जुन्या औषधांच्या मानानं ही गोळी खरोखर सुरक्षित होती. नुसती ही एकटी गोळी जास्त गेली, तर जीव जाण्याचा संभव पुष्कळ कमी. त्यामुळे डॉक्टर निर्धास्त झाले. १९६९ पासून पुढची दहा-बारा वर्षं व्हॅलियम हे अमेरिकेत चिठ्ठीवर सर्वांत जास्त खपणारं औषध होतं. एकट्या १९७८ साली तिथे दोनशे कोटींहून जास्त गोळ्या विकल्या गेल्या.

या गोळ्या गेल्या कुणाच्या पोटात? पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट बायकांच्या. डॉक्टरांच्या मासिकांत त्या काळी जाहिराती यायच्या. त्यातली याच कुळातल्या एका गोळीची जाहिरात आम्हाला विसरता येत नाही. चित्रात एक घरधनीण उभी आहे आणि तिच्यापुढे झाडू आणि फरशी पुसायचे दांडे तुरुंगाच्या गजांसारखे उभे आहेत. खाली डॉक्टरांना उद्देशून लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा की, तुम्ही हिला मोकळं करू शकत नाही, पण हिची घालमेल कमी नक्की करू शकता. म्हणजे बाई कशात अडकली आहे, हे कंपनीला दिसत होतं. तरी गज काढायचे सोडून गजांमागच्या बाईला गोळी द्यायची, असा तो सल्ला.

मैत्रिणींनो, ही सातासमुद्रापलीकडची जाहिरात आपल्याला परकी वाटत नाही. आपल्या गटात बाई झोप येत नाही म्हणते, तेव्हा त्यामागे काय काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. नवऱ्याची दारू, हात उगारणं, सावकाराचा हप्ता, लेकीच्या लग्नाची काळजी, करपलेलं पीक, पाळी जाण्याच्या वयातला अंगाचा दाह. गोळीनं बाई झोपते. हप्ता मात्र झोपत नाही.

आता धोका पहिल्यांदा कधी कळला ते ऐका. लिब्रियम बाजारात आली १९६० साली. १९६१ सालीच लिओ हॉलिस्टर या अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक अहवाल छापला. रुग्णालयातल्या काही रुग्णांना त्यांनी महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेत ही गोळी दिली होती. मग ती एकदम थांबवून तशाच दिसणाऱ्या औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. थोड्याच दिवसांत बहुतेकांना त्रास सुरू झाला. बेचैनी, झोप उडणं, भूक जाणं, आणि काहींना तर फिटसुद्धा आली. म्हणजे सवय लागते आणि एकदम सोडणं धोक्याचं, हे पहिल्याच वर्षी छापून आलं होतं. पण तेव्हा समजूत अशी झाली की हे फार मोठ्या मात्रेमुळे झालं. रोजच्या साध्या एका गोळीनं काही होत नाही. ही समजूत पुढे वीस वर्षं टिकली.

या वीस वर्षांत किती बायकांनी गोळी सोडायचा प्रयत्न केला असेल! दोन दिवसांत हात थरथरायचे, घाम फुटायचा, रात्र डोळ्यांत जायची. डॉक्टर म्हणायचे, बघा, तुमचा मूळ आजार परत आला, गोळी चालूच ठेवा. बाईलाही ते खरं वाटायचं. गोळी सोडल्याचा त्रास आणि मूळचा त्रास सारखाच दिसतो, हीच त्यातली गोम.

१९७८ साली अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी दारू आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, दोन्हींच्या आहारी गेल्याचं जाहीरपणे सांगितलं. एवढ्या मोठ्या घरातली बाई न लाजता बोलली म्हटल्यावर इतरांना धीर आला. १९७९ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये एडवर्ड केनेडी यांनी या गोळ्यांवर सुनावणी घेतली. ज्यांना सवय लागली त्यांनी तिथे आपली हकीकत सांगितली.

ब्रिटनमध्ये काय झालं ते तर फार बोलकं आहे. १९८० साली तिथल्या सरकारी औषध समितीनं आपला निष्कर्ष छापला. १९६० ते १९७७ या सतरा वर्षांत साऱ्या देशात या गोळ्यांची सवय लागलेली माणसं किती, तर अंदाजे २८! लाखो लोक रोज गोळी घेत होते आणि कागदावर सवय फक्त अठ्ठावीस जणांना. कारण कागदावर तेच येतं जे कुणीतरी विचारून लिहितं. थोड्याच वर्षांत बीबीसीच्या ‘दॅट्स लाइफ’ या दूरदर्शन कार्यक्रमानं हा विषय घेतला, तेव्हा पत्रांचा ढीग पडला. साधी दोन-पाच मिलिग्रॅमची गोळी वर्षानुवर्षं घेणारी, सुटू पाहणारी, सुटता न येणारी माणसं. लंडनमधले डॉक्टर माल्कम लेडर यांच्या संशोधनातूनही दिसलं की साध्या मात्रेनंही सवय लागते.

शेवटी १९८८ साली ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं डॉक्टरांना नियम घालून दिला. घाबरेपणा इतका तीव्र असेल की माणसाला रोजचं जगणं जमत नाही, तरच ही गोळी, आणि तीसुद्धा दोन ते चार आठवडेच. साध्या काळजीवर ती द्यायची नाही. झोपेसाठी द्यायची तर झोपमोडीनं माणूस अगदी हैराण झाला असेल तेव्हाच. आज जगभर डॉक्टर साधारण हाच नियम शिकतात.

याच सुमारास न्यूकॅसल शहरात एक डॉक्टरीणबाई वेगळं काम करत होत्या. त्यांचं नाव हेदर अॅश्टन. त्यांचा जन्म १९२९ साली आपल्या देशात, डेहराडूनला झाला. वडील हॅरी चॅम्पियन हे वनाधिकारी. भारतातल्या जंगलांचं त्यांनी केलेलं वर्गीकरण आजही अभ्यासात असतं. त्यांच्या या लेकीनं १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं गोळी सोडू पाहणाऱ्यांसाठी दवाखाना चालवला. सुमारे तीनशे माणसांना त्यांनी जवळून पाहिलं आणि त्यांचं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांची पद्धत ठरली. गोळी एकदम तोडायची नाही. थोडी थोडी, आठवड्याआठवड्यानं कमी करायची. लागले तर कित्येक महिने लागू द्यायचे. आणि वेग डॉक्टरांनी नाही, घेणाऱ्यानं ठरवायचा. १९९९ साली त्यांनी हे सगळं एका पुस्तिकेत मांडलं. ती आजही जगभर वापरली जाते.

हा झाला ‘किती दिवस’ याचा इतिहास. आता ‘कशासोबत’ आणि ‘कुणाला’.

पहिली गोष्ट दारूची. १९७५ साली न्यू जर्सीतच कॅरन अॅन क्विनलन ही एकवीस वर्षांची मुलगी एका मेजवानीत दारू आणि व्हॅलियम घेतल्यावर कोसळली. तिचा श्वास थांबला होता. ती कधीच शुद्धीवर आली नाही, दहा वर्षं तशीच राहून १९८५ साली गेली. तिचा खटला कृत्रिम श्वासाच्या यंत्राबद्दल होता म्हणून जगभर गाजला, पण दारूत ही गोळी मिसळली की काय होऊ शकतं, तेही लोकांना त्यातून समजलं. दारूही ब्रेकच दाबते. दोन ब्रेक एकदम दाबले की श्वासच अडतो. आपल्या नांदेडच्या सीमेपलीकडे तेलंगणात ताडीत अल्प्राझोलाम मिसळल्याची प्रकरणं वारंवार उघड झाली आहेत. तिथे भेसळीची ताडी एकदम बंद झाली की लोकांना फिट येऊन रुग्णालयात न्यावं लागतं. म्हणजे पिणाऱ्याला गोळीचं नावही माहीत नसतं आणि सवय मात्र गोळीची लागलेली असते. दारू सोडवताना डॉक्टर याच गोळ्या मोजून आणि नजरेखाली ठेवून देतात, ते बरोबर आहे. पण नवरा पितोच आहे आणि घरच्यांनी शांत राहावा म्हणून गुपचूप गोळी द्यायची, हे त्याचा जीव घेऊ शकतं.

दुसरी गोष्ट जोरदार वेदनाशामकांची. अफूच्या कुळातली औषधं आणि ही गोळी एकत्र घेऊन अमेरिकेत इतके मृत्यू झाले, की २०१६ साली तिथल्या औषध प्रशासनानं दोन्हींच्या पाकिटावर चौकटीतला कडक इशारा छापायला लावला. आपल्याकडे गुडघेदुखीवर ट्रॅमाडॉल दिलं जातं, खोकल्याच्या काही बाटल्यांत कोडीन असतं. ही दोन्ही त्याच कुळातली. गुडघ्याचा डॉक्टर वेगळा, झोपेचा डॉक्टर वेगळा, आणि दोघांनाही एकमेकांची चिठ्ठी दिसत नाही, असं झालं की धोका.

तिसरी गोष्ट म्हातारपणाची. १९८७ साली अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, की अंगात जास्त वेळ टिकणाऱ्या झोपेच्या आणि घाबरेपणाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांत खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण जास्त आहे. १९९१ साली मार्क बीयर्स या डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या लोकांना कोणती औषधं टाळावीत याची यादी केली, त्यात या गोळ्या आल्या. म्हाताऱ्या शरीरातून डायझेपाम लवकर बाहेर पडत नाही, कित्येक दिवस रेंगाळतं. आजी रात्री लघवीला उठते, तोल जातो, खुबा मोडतो, आणि पुढे ती अंथरूण सोडत नाही. कधी आजी विसरू लागते, बरळू लागते. घरचे म्हणतात वय झालं. वयाआधी गोळीचा डबा बघावा.

चौथी गोष्ट श्वासाची. चुलीच्या धुरानं किंवा विडीनं ज्यांची फुप्फुसं खराब झाली आहेत, ज्यांना जुनाट दम लागतो, झोपेत घोरता घोरता ज्यांचा श्वास मध्येच थांबतो, त्यांना ही गोळी घातक ठरू शकते. काविळीनं किंवा दारूनं यकृत बिघडलेल्यांनाही तसंच, कारण औषध पचवून बाहेर टाकायचं काम यकृताचं.

पाचवी गोष्ट गरोदर बाईची आणि अंगावर पाजणारीची. दिवस भरत आले असताना आई ही गोळी घेत असेल, तर बाळ जन्मताना अंगानं लुळं, दूध न ओढणारं, श्वासाला कमजोर असू शकतं. म्हणून दिवस राहिले किंवा राहण्याचा विचार असला, तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

आणि सहावी गोष्ट मनाच्या उदासीची. मन विटलंय, जगावंसं वाटत नाही, अशा बाईला नुसती ही गोळी देऊन भागत नाही. ती उदासी बरी करत नाही. अशा घरात गोळ्यांचा साठा ठेवणं तर फारच धोक्याचं.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, मग ही गोळी बंदच का करत नाहीत? तसं नाही. चालू असलेली फिट थांबवायला, धनुर्वातात, ऑपरेशनच्या आधी, दारू सुटताना, ती जीव वाचवते. गोळीशी आमचं भांडण नाही. प्रश्न न विचारता दिलेल्या आणि मुदत न ठरवता घेतलेल्या गोळीशी आहे.

आपल्या देशात यासाठी कायदाही आहे. २०१३ साली सरकारनं काही औषधांची ‘शेड्यूल एच १’ नावाची यादी काढली, ती २०१४ च्या मार्चपासून लागू झाली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम त्या यादीत आहेत. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. दुकानदारानं वेगळ्या वहीत डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. अशा पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. शेजारणीच्या पाकिटातली गोळी घेताना हे सगळं बाजूला राहतं, हे ध्यानात ठेवा.

डॉक्टरांकडे गेल्यावर न लाजता विचारायचं. “डॉक्टर, ही त्याच कुळातली गोळी का? किती दिवस घ्यायची? बंद कशी करायची?” आणि आपणहून सांगायचं : दम, घोरणं, काविळ, दिवस गेले असतील तर ते, दारू, आणि आधीपासून चालू असलेली सगळी औषधं. जुन्या पाकिटांची पिशवीच बरोबर न्यावी.

आता सर्वांत महत्त्वाचं. ज्या मैत्रिणी महिनोन्‌महिने ही गोळी घेत आहेत, त्यांनी हा भाग ऐकून किंवा वाचून आज रात्रीच गोळी फेकून देऊ नये. १९६१ ची गोष्ट आठवा. एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांना भेटा, आणि हळूहळू कमी करून मागा. मधल्या काळात त्रास झाला तर तो सोडण्याचा त्रास असू शकतो, तुमचा दोष नाही. मनावर ओझं असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीतून बोलता येतं. घरात मार खावा लागत असेल, तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. त्या दुखण्यावर गोळी नाही.

ब्रिटनच्या कागदावर अठ्ठावीसच माणसं होती, कारण बाकीच्यांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाल्यावर एकमेकींना एवढं विचारा, की झोप येते का गं? येत नसेल तर का येत नाही? उत्तर ऐकायला वेळ काढून बसा.